कंदील विकत मिळतो. तो करण्याची रीत आपण छापावी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोजागरीच्या आदल्या रविवारी आपल्या दैनिकाबरोबर आलेली दिवाळीच्या घरसजावटीची पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. छायाचित्रे सुरेख होती, आणि कोणती वस्तू कोणत्या बाजारात काय भावाने मिळते ही माहितीही उपयोगाची होती. परंतु त्या सबंध पुरवणीत घरी करता येईल अशा एकाही सजावटीच्या वस्तूची कृती नव्हती. फराळाच्या पानावर चकलीच्या भाजणीचे प्रमाण वाटीच्या मापाने दिले होते, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवायचे आणि पाणी रोज कसे बदलायचे हेही सांगितले होते. आकाशकंदिलाच्या छायाचित्राखाली मात्र केवळ त्याची किंमत होती. ही उणीव मला फार जाणवली, म्हणून हे पत्र काहीसे विस्ताराने लिहीत आहे. एकतीस वर्षे मी बडोद्यातील एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या सणांतील खाण्याचे पदार्थ टिकले, कारण त्यांच्या कृती कधी वहीत, कधी मासिकात, कधी वर्तमानपत्रात लिहिल्या गेल्या. सजावटीच्या हातकामाचे तसे झाले नाही. कंदिलाचा सांगाडा कसा बांधायचा, चैत्रांगणात काय काय काढायचे, संक्रांतीच्या हलव्याला काटा कसा आणायचा, हे सारे एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवले. कागदावर ते फारसे आलेच नाही. ज्या घरात शिकवणारा हात थकला आणि शिकणारा हात परगावी गेला, त्या घरात ती गोष्ट तिथेच थांबली. हे काम पुन्हा हातात यावे यासाठी वर्तमानपत्राइतके सोयीचे साधन दुसरे दिसत नाही, कारण सणाच्या तोंडावर, नेमक्या दिवशी, ते घरात येऊन पडते.

प्रथम कंदिलाविषयी लिहिते. माझे बालपण रावपुऱ्यातील एका वाड्यात गेले. आमच्याकडे कंदील करणे हे पुरुषांचे आणि मुलांचे काम होते. दसऱ्याला आपट्याची पाने वाटून झाली की दुसऱ्याच दिवशी वडील बांबू चिरायला बसत. चांगल्या बांबूची दोन पेरांमधली सरळ पट्टी काढायची, गाठ टाळायची, मग चाकूची धार आडवी धरून कामटी तासायची, आणि शेवटी ती दोन बोटांत धरून हळूच वाकवून पाहायची. सगळीकडे सारखी वाकली तर ठीक, एके ठिकाणी कोन करून वाकली तर तिथे ती जाड राहिली आहे, असा त्यांचा हिशेब होता. आम्हा भावंडांकडे दोरा गुंडाळणे आणि खळ शिजवणे ही कामे असत. खळ म्हणजे चमचाभर मैदा गार पाण्यात आधी पूर्ण कालवून मग मंद आचेवर शिजवलेली लापशी. तिच्यात गुठळी राहिली की कागदाखाली ती उजेडात काळी दिसते. पुस्तके बांधणारे लोक खळीला कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असल्यामुळे मुलांच्या हातात मोरचुदाची खळ कधीही देऊ नये. लागेल तेवढी रोज ताजी करावी.

वडील जो कंदील करीत त्याची रचना मी पुढे शाळेत शेकडो मुलांकडून करून घेतली. तिच्यातली गंमत अशी की तिला मोजमापाची जवळजवळ गरजच लागत नाही. सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्यायच्या. वीस सेंटिमीटरची काडी घरगुती कंदिलाला पुरते. चार चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यांपैकी चार चौकोन टोकावर उभे करून शेजारच्या टोकाला टोक जोडत गोल फिरवून आणायचे, म्हणजे मधला पट्टा तयार होतो. उरलेल्यांपैकी एक चौकोन वरच्या चार टोकांवर आडवा ठेवून बांधायचा आणि दुसरा खालच्या चार टोकांना. इतके झाले की चौकोनांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप दिसू लागतात; ते कोणी बांधलेले नसतात, पण आठही अगदी सारखे असतात. सातवीच्या वर्गात हा क्षण आला की मुले स्वतः होऊन काड्या मोजू लागत, कारण आठ त्रिकोणांना चोवीस बाजू लागतात, सहा चौकोनांनाही चोवीसच लागतात, आणि काड्या तर एकंदर चोवीसच आहेत, मग हे जमले कसे, असा प्रश्न त्यांना पडे. प्रत्येक काडी एका चौकोनाची आणि एका त्रिकोणाची अशी दोघांची असते, हे उत्तर त्यांच्यापैकीच कोणीतरी कंदील हातात फिरवता फिरवता शोधून काढी. भूमितीचा याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

कागद लावताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. खळ काडीला लावावी, कागदाला लावू नये. कागदाला लावली की तो भिजून लांबतो आणि वाळल्यावर त्याला सुरकुत्या पडतात. दुसरी गोष्ट, कागद चिकटून पूर्ण वाळल्यावर त्यावर पाण्याचा अगदी बारीक तुषार मारला तर पुन्हा वाळताना तो ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो आणि सैल राहिलेला भागही सपाट होतो. मात्र स्वस्त पतंगी कागदाचा रंग सुटतो, तेव्हा आधी एका तुकड्यावर पाणी टाकून पाहावे. वरचा चौकोन दिव्यासाठी मोकळा सोडावा, खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना झिरमिळ्या लावाव्यात, आणि आतला दिवा एलईडीचा घ्यावा. पूर्वीच्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपत असे. ती भीती आता उरलेली नाही, आणि कागदी कंदिलाला एवढी सोय पूर्वी कधीच नव्हती.

हे सामान मिळत नाही ही तक्रार मी नेहमी ऐकते, आणि बडोद्यापुरती तरी ती खरी नाही. आपले शहर पतंगांचे आहे. उत्तरायण जानेवारीत असले तरी पतंगांचे काम त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेले असते. पतंगाचा उभा ढढ्ढा आणि आडवी कमान ज्या बांबूच्या सळ्यांची होते त्याच सळ्या कंदिलाला चालतात. ढढ्ढ्याची सळी थोडी जाड आणि ताठ असते, म्हणून सांगाड्याला तीच घ्यावी, कमानीची फार लवचिक असते. कागदही तोच आणि खळही तीच. गेंडीगेटच्या रस्त्यावर पतंग आणि मांजा यांचा जो बाजार भरतो तो आपल्यापैकी बहुतेकांना जानेवारीतच आठवतो. मी गेली काही वर्षे दसऱ्यानंतर ओळखीच्या एका पतंगवाल्याकडे जाऊन सळ्यांचा जुडगा आणि सहा रंगांचे ताव घेऊन येते. पहिल्या वर्षी त्याने विचारले, ‘बेन, उतराणने तो घणी वार छे, अत्यारथी शुं करशो?’ (उत्तरायणाला तर खूप वेळ आहे, आतापासून काय करणार?) मी त्याला तयार कंदिलाचे छायाचित्र दाखवले, तेव्हा त्याने ते बराच वेळ पाहिले आणि सांधा दोऱ्याने नुसता गुंडाळण्याऐवजी आधी फुलीचा वेढा द्या, असे शिकवले. त्या वर्षापासून माझ्या कंदिलाचे सांधे हलत नाहीत. मराठी घरचा कंदील आणि गुजराती कारागिराची गाठ एकत्र येणे हे बडोद्यातच घडू शकते, आणि याचे मला खरोखर अप्रूप वाटते.

आता थोडी व्यथा. गेल्या दिवाळीत आमच्या वसाहतीत घरसजावटीची स्पर्धा झाली. सातव्या इयत्तेतील एका मुलाने वर सांगितलेल्या रीतीने एकट्याने कंदील केला होता. त्याचा एक चौकोन किंचित तिरपा बसला होता आणि एका त्रिकोणावर खळीचे बोट उमटले होते, पण दिवा लावल्यावर तो जिन्यातल्या साऱ्या दारांवर केशरी-हिरव्या खिडक्या पाडीत असे. पहिला क्रमांक मात्र ज्या घराने बाहेरची माणसे बोलावून, भाड्याची फुले आणि दिव्यांचे पडदे लावून एका दुपारीत सजावट उभी करून घेतली होती, त्या घराला मिळाला. त्या कुटुंबाविषयी माझ्या मनात किंतु नाही. त्यांनी नियम मोडला नव्हता, कारण तसा नियमच नव्हता. परीक्षकांनीही दिसण्यावर गुण दिले, आणि दिसायला ते घर सुंदरच होते. पण निकालानंतर तो मुलगा खाली आला, खुर्चीवर चढला आणि त्याने आपला कंदील काढून नेला. धनत्रयोदशीचा दिवस होता, दिवाळी अजून पुढे सगळी उरलेली होती. मी त्याच्या घरी गेले तेव्हा कंदील पलंगाखाली ठेवलेला होता. त्याच्या आईने आणि मी पुष्कळ समजावल्यावर तो भाऊबिजेला पुन्हा लागला. स्पर्धेत हाताने केलेल्या वस्तूला वेगळे स्थान असते तर हे घडले नसते. आपल्या दैनिकानेही वाचकांकडून सजवलेल्या घरांची छायाचित्रे मागवली आहेत आणि उत्तम छायाचित्रांना बक्षिसे जाहीर केली आहेत, म्हणून हा प्रसंग मुद्दाम लिहिला.

कंदिलाची रीत माझ्याजवळ शिल्लक राहिली. चैत्रांगणाची पूर्ण राहिली नाही, आणि त्याचा दोष माझाच आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर तिचे माहेरपण चालते. त्या महिन्यात माझ्या सासूबाई रोज सकाळी दारापुढे सडा घालून गेरूने जमीन लाल करीत आणि त्यावर चैत्रांगण काढीत. वर तोरण, मध्ये झोपाळ्यावर दोन गौरी, बाजूला सूर्य आणि चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गाईची पावले, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी-करंडा, आरसा, आंब्याची डहाळी, आणि अशीच आणखी कितीतरी. ठिपके नाहीत, मापाची पट्टी नाही. अंगठा आणि पहिले बोट यांच्या चिमटीतून रांगोळी सुटायची आणि ओळ सुतासारखी बारीक यायची. सांभाळायची ती चिमूट; मूठ उघडी टाकून जाड ओळ ओढणे सोपे असते, बारीक ओळीला मनगट जमिनीपासून अधांतरी ठेवावे लागते. मी चित्रकलेची शिक्षिका, रोज दारातून शाळेला जाताना ते चैत्रांगण ओलांडीत होते, आणि एकदाही वहीत उतरवून घेतले नाही. त्या गेल्यानंतरच्या चैत्रात मी आठवून काढायला बसले तेव्हा मला पस्तीसच्या आसपास आकृती आठवल्या. त्यांच्या चैत्रांगणात याहून निश्चित अधिक होत्या. तोरणाच्या खाली, उजव्या अंगाला, त्या काहीतरी काढीत असत ते मला आजतागायत आठवलेले नाही. तेवढी जागा मी मोकळी ठेवते.

असे मोकळे कोपरे आज किती घरांत असतील याची मला कल्पना आहे, कारण हळदीकुंकवाला गेले की मी मुद्दाम पाहते. कैरीची डाळ आणि पन्हे सर्वत्र असते, कलिंगडाची कमळे कापलेली असतात, गौरीपुढे पायऱ्यांची आरासही असते. दारात मात्र छापील चैत्रांगणाचा चिकटवण्याचा कागद असतो. तो कागद वापरणाऱ्या बाईला मी नावे ठेवीत नाही. तिला काढायची इच्छा असते, पण काय काढायचे हे विचारायला घरात कोणी उरलेले नसते. चैत्र लागण्याच्या आदल्या रविवारी आपण एक पूर्ण पान चैत्रांगणाला द्यावे, आकृत्या मोठ्या आणि स्वच्छ छापाव्यात, प्रत्येकीचे नाव खाली द्यावे, आणि वाचकांना त्यांच्या घरातील आणखी आकृत्या काढून पाठवायला सांगावे. घराघरांत फरक असतो. कोकणातून आलेल्यांचे एक, देशावरून आलेल्यांचे दुसरे, आणि चार-पाच पिढ्या गुजरातेत राहिलेल्यांचे तिसरे. हे सारे एका ठिकाणी आले तर कदाचित माझ्या सासूबाईंच्या उजव्या कोपऱ्यातली आकृतीही कोणाकडून तरी येईल.

हलव्याच्या दागिन्यांचीही तीच गत आहे. दागिने ओवणे, सोनेरी कागदावर टाचणे हे अजून पुष्कळजणींना येते, पण हलवा सगळ्या विकतचाच आणतात. घरी हलवा करणे चिकाटीचे काम आहे हे मान्य. परातीत तीळ घेऊन मंद आचेवर ठेवायचे, साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडायचा आणि बोटांनी सतत फिरवत राहायचे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा थेंब टाकायचा नाही. घाई केली की तीळ एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, आच वाढवली की पाक पिवळा पडतो. दोन-तीन दिवस थोडा थोडा वेळ दिला म्हणजे दाण्याला काटा फुटू लागतो. हवा कोरडी आणि थंड लागते, आणि आपल्याकडची जानेवारीची सकाळ त्याला अगदी अनुकूल असते. मी माझ्या भाचीच्या मुलाच्या बोरन्हाणासाठी वाटीभर हलवा केला आणि मुकुट व बासरी त्यातून केली. बाकीचे दाणे विकतचे वापरले. दोन्ही जवळ ठेवले असता माझा काटा आखूड होता. पण त्या वाटीभर दाण्यांसाठी घरातल्या तिघीजणी पाळीपाळीने परातीपाशी बसल्या, आणि त्यांतल्या दोघींना आता ते येते.

हातकामाला विद्येइतका मान देणे ही बडोद्याला नवी गोष्ट नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात, 1890 साली, येथे कलाभवन निघाले, आणि तेथे चित्रकलेबरोबर सुतारकाम, रंगकाम अशा धंद्यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले. पुढे भारतीय चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झाल्यावर ललित कलांची जी विद्याशाखा सुरू झाली, तिच्या कलामेळ्यासाठी के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे थोर कलावंत आपल्या हातांनी खेळणी बनवीत. लाकूड, चामडे, मणी असे साधे साहित्य ते घेत, आणि त्यातून मिळालेला पक्षी किंवा प्राणी एखाद्या बडोदेकराच्या घरी दिवाणखान्यात मांडला जाई. रावपुऱ्याच्या तांबेकर वाड्यात जाऊन एकोणिसाव्या शतकातील भिंतीचित्रे पाहावीत. ते राजवाड्याचे दालन नव्हे, एका दिवाणाचे राहते घर होते, आणि भिंतींपासून छतापर्यंत चित्रकारांनी ते हाताने रंगवलेले आहे. मुलांना घेऊन मी तेथे अनेकदा गेले. पहिला प्रश्न नेहमी हाच असे की घरातले लोक या चित्रांकडे रोज बघत असतील का. ज्या गावात सजावट म्हणजे हाताने केलेले काम असा अर्थ इतका जुना आहे, त्या गावातील मराठी वर्तमानपत्राने सजावटीची पुरवणी केवळ किमतींवर थांबवू नये, एवढेच मला सुचवायचे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो मला गंभीर वाटतो. नोकरी करणाऱ्या बाईला, आणि पुरुषालाही, वेळ कोठून आणायचा? सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या सुनेकडून गौरीचे मखर, दिवाळीचा कंदील, चैत्रांगण आणि हलवा यांची अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे, आणि पूर्वी हे सारे होत असे तेव्हा त्याचा भार घरातल्या बायकांवर किती पडत असे हेही मी विसरलेले नाही. म्हणून माझी सूचना एवढीच आहे की प्रत्येक घराने वर्षातून एक वस्तू हाताने करावी, ती घरातल्या सर्वांनी मिळून करावी, आणि बाकीचे निःसंकोच विकत घ्यावे. कंदिलाला एका रविवारची दुपार आणि दुसऱ्या रविवारची सकाळ पुरते. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी हाताने करणाऱ्याकडून घ्यावा. कुंभारवाड्यातील चाकावरच्या पणत्या घेणे आणि साच्यातून निघालेल्या मेणाच्या पणत्या घेणे यांत पैशाचा फरक थोडा आहे, पण एका खरेदीने चाक फिरते राहते.

खर्चाचा मुद्दा त्या मानाने लहान आहे. सळ्या, ताव, दोरा आणि मैदा एवढेच कंदिलाला लागते, आणि सांगाडा नीट ठेवला तर पुढच्या वर्षी केवळ कागद बदलावा लागतो. माझा एक सांगाडा सहा दिवाळ्या टिकला. थर्मोकोलविषयी वेगळे सांगायला नको. सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, तरीही गणपतीच्या दिवसांत त्याची मखरे दिसतात. विसर्जनासाठी महापालिका कृत्रिम तलाव करते, त्यांच्या काठाशी पांढऱ्या कमानींचे तुकडे पडलेले मी पाहिले आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर जुनी पैठणी किंवा साडीचा काठ ताणून केलेले मखर घडी घालून माळ्यावर ठेवता येते, आणि त्या काठाला घरातल्या एखाद्या आजीची आठवण असते.

तेव्हा माझ्या आपल्याकडे काही निश्चित विनंत्या आहेत. दिवाळीच्या छायाचित्रांच्या स्पर्धेत हाताने केलेल्या वस्तूंसाठी स्वतंत्र विभाग ठेवावा, आणि त्यात पूर्ण झालेल्या वस्तूबरोबर ती करतानाचे एक तरी छायाचित्र मागावे. म्हणजे आणलेले आणि केलेले यांत गल्लत होणार नाही, आणि खळीचे बोट उमटले म्हणून कोणाचे गुण जाणार नाहीत. मुलांना मोठ्यांपासून वेगळे ठेवावे. वर्षातील चार-पाच सणांच्या आधी, किमान पंधरा दिवस आधी, एकेका हातकामाची सचित्र कृती छापावी. पंधरा दिवस म्हणण्याचे कारण असे की पुरवणी सणाच्या तीन दिवस आधी आली तर वाचणाऱ्याच्या हातात विकत घेण्याइतकाच वेळ उरतो. कृती देताना साहित्य बडोद्यात कोठे मिळते हे लिहावे, आणि ते सांगताना मोठ्या दुकानांबरोबर खंडेराव मार्केटातील फुलवाल्या, कुंभार आणि पतंगवाले यांचीही नोंद घ्यावी. शहरातील मराठी मंडळे आणि वाचनालये यांच्या सभागृहांत सणाआधीच्या रविवारी दोन-तीन तासांचे वर्ग घेता येतील. शिकवायला माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका विनामूल्य येतील. मी माझ्या ओळखीच्या चौघींना विचारले आहे, आणि चौघींनी होकार दिला आहे. त्यांतील एकीला काचेच्या मण्यांचे तोरण येते, एकीला शाडूचे मुखवटे येतात. त्या दोघींनाही आजवर शिकवा म्हणून कोणी म्हटलेले नाही.

यंदाच्या दिवाळीला अजून थोडा अवधी आहे, म्हणजे पुढच्या रविवारच्या अंकात कंदिलाची कृती आली तर ती वसुबारसेपर्यंत हातात राहील. चोवीस काड्यांच्या सांगाड्याची प्रमाणबद्ध आकृती, कागद कापण्यासाठी चौकोन आणि त्रिकोण यांची पूर्ण आकाराची मापे, त्यांत चिकटवण्यासाठी सर्व बाजूंनी सोडायची एक सेंटिमीटरची पट्टी, आणि पतंगवाल्याने शिकवलेल्या फुलीच्या गाठीचे चार टप्प्यांतील रेखाटन मी या पत्रासोबत जोडले आहे. आकृत्या काळ्या शाईने काढल्या आहेत, तेव्हा छपाईला अडचण येऊ नये. चैत्रांगणाचे माझे अपुरे रेखाटनही स्वतंत्र कागदावर आहे. ते चैत्रापर्यंत आपल्याकडे राहू द्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे